विंचवाचं बिऱ्हाड आणि २४९ ग्रॅमचा ड्रोन

प्रश्न : काका, गेल्या महिन्यात मी डीजेआय मिनी २ हा ड्रोन जुन्यात घेतला. त्याबरोबर तीन बॅटऱ्या, रिमोट, चार्जिंग हब, फिल्टरची डबी, जादा पंखे आणि घडीचं लँडिंग पॅड मिळालं. सध्या हे सगळं कॉलेजच्या सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळून नेतो. मी चिपळूणचा. आसपासच्या होमस्टेवाल्यांना व्हिडिओ करून देतो. फिरणं बाइकवर, लांबचं असेल तर एसटीने. ‘ड्रोन बॅग’ म्हणून ज्या दिसतात त्या पाच-सहा हजारांच्या पुढे आहेत आणि माझ्याकडे दोन हजार आहेत. पावसाळा तोंडावर आलाय. काय घेऊ? तुम्ही माझ्या बाबांच्या वयाचे, अरे-तुरे केलंत तरी चालेल.
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : बरं, मग अरे-तुरेच करतो.

आधी तुझ्याच नदीची एक गोष्ट. साताऱ्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन घेतला तेव्हा पहिलं वर्षभर मीही भाचीची जुनी कॉलेज सॅक पाठीला लावून हिंडत होतो. गुहागरकडच्या एका लग्नाला जाताना दाभोळहून धोपाव्याच्या फेरीबोटीत बाइक चढवली. सॅकच्या चेनचे दोन्ही रनर बरोबर वर, मधोमध एकमेकांना भिडवून ठेवलेले. धोपावं आलं, मी बाइकचं स्टँड काढायला वाकलो आणि आतलं वजन पुढे आल्याबरोबर दोन्ही रनर दोन दिशांना पळाले. चार्जर पायाशी पडला. बॅटरीने मात्र एक टप्पा घेतला आणि कठड्याखालून थेट खाडीत. बोटीवरचा पोरगा म्हणाला, “काका, मोबाइल गेला काय?” मोबाइल गेला असता तर परवडलं असतं. तुझ्या वाशिष्ठीने ती बॅटरी अजून परत केलेली नाही.

तेव्हापासून माझे दोन्ही रनर बॅगेच्या एका कुशीला, खालपर्यंत ओढलेले असतात. याला पैसे पडत नाहीत. आजच सुरू कर.

आता खरेदीचं. ‘ड्रोनची बॅग’ असं लेबल लावलेली बॅग तू घेऊच नकोस. खिशात सहा हजार असते तरी हेच सांगितलं असतं. त्या बॅगेवर दोन कामं लादलेली असतात. पाठीवर नीट बसायचं आणि आतल्या यंत्राला मार लागू द्यायचा नाही. ही दोन्ही कामं बरी करणारी बॅग महाग पडते, आणि स्वस्तातली असेल तर दोन्हींपैकी एकही धड होत नाही. तेव्हा बॅग घ्यायची पाठीसाठी आणि डबा करायचा ड्रोनसाठी. दोन्ही वेगळे ठेव.

वजनाचा विचार कर म्हणजे पटेल. तुझा ड्रोन बॅटरीसकट २४९ ग्रॅम. जादा दोन बॅटऱ्या मिळून पावणेदोनशे ग्रॅम, रिमोट ३९० ग्रॅम. हब, चार्जर, पॅड धरून सगळं सव्वा किलोच्या आसपास जाईल. घरच्या काट्यावर ठेवून बघ. मोठ्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली जाडजूड बॅग मात्र रिकामी असतानाच दीड-दोन किलोची निघते. म्हणजे मालापेक्षा हमाल जड! वर तुझं दोन लिटर पाणी आणि रेनकोट. संध्याकाळी खांदे बोलायला लागतात.

तर आधी माप. एक अख्खं वर्तमानपत्र जमिनीवर पसर आणि सगळ्या वस्तू त्यावर मांड, जशा बॅगेत ठेवशील तशाच. एकावर एक नको. पेन्सिलने बाहेरून रेघ मार आणि तो कागद घेऊन दुकानात जा. दुकानदार हसेल. हसू दे. बॅगेवर ३५ लिटर लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नकोस. आतली उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये मोज, तिन्हींचा गुणाकार कर आणि हजाराने भाग. ४५, ३० आणि १६ सेंटिमीटरची बॅग साडेएकवीस लिटरची होते. तुला वीस ते पंचवीस लिटर भरपूर. मोठी घेतलीस तर रिकाम्या जागेत सामान खुळखुळणार, आणि रिकामी जागा दिसली की घरचे त्यात आणखी काहीतरी कोंबतात. माझ्या बॅगेत एकदा आंब्याच्या लोणच्याची बरणी निघाली होती.

साधी ट्रेकिंगची सॅक घे, पण पुढून सुटकेससारखी पूर्ण उघडणारी. वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये जी वस्तू हवी ती नेमकी तळाशी असते. पाठीच्या बाजूने उघडणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं. चिखलात टेकवली तरी पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते आणि एसटीच्या गर्दीत मागून कुणाला चेन उघडता येत नाही.

दुकानात तीन गोष्टी बघ. खांद्याचा पट्टा बॅगेला जिथे शिवलाय तिथे शिवणीचा चौकोन आणि त्यात फुली हवी. नुसती आडवी एक रेघ असेल तर ती बॅग वर्षभराची पाहुणी. चेन एका हाताने, न थांबता, कोपऱ्यावरून फिरवून बघ. रिकाम्या बॅगेत कोपऱ्यावर अडकणारी चेन भरल्या बॅगेत तुटते. रनरच्या पाठीवर कधीकधी ५, ८ असा आकडा असतो. तो साधारण बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. मुख्य चेन आठची मिळाली तर उत्तम. आणि कापडाच्या चिठ्ठीवर ६०० डेनिअर असं काही लिहिलेलं असेल तर ते नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. तुझ्या सव्वा किलोला सहाशे पुष्कळ झालं. सोळाशेच्या मागे लागू नकोस.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी बघत नाही. बॅगेचा तळ. कंबरपट्टा, छातीचा पट्टा, मोबाइलचा कप्पा, हेडफोनचं भोक, सगळं बघतील, पण तळ नाही. बॅग तळावर आपटते. मंगल कार्यालयात फरशीवर, गडावर कातळावर, एसटीत सीटच्या लोखंडी पायावर. दमलेला माणूस बॅग ठेवत नाही, टाकतो. मी सांगतो ती परीक्षा कर. खिशातली घराची किल्ली रिकाम्या बॅगेत तळाला टाक, बॅग वीतभर उचल आणि काउंटरवर सोड. किल्लीचा ‘टक्’ असा आवाज आला की समज, तळाला फक्त कापड आहे.

अशाच कापडी तळाच्या बॅगेने माझा एक गिंबल, म्हणजे ड्रोनचा कॅमेरा स्थिर धरणारी मान, खाल्ला. कोरेगावच्या एका कार्यालयात नवरदेव घोड्यावर चढत होता, मी घाईत बॅग पायरीवर टेकवली. टेकवली म्हणजे मला तसं वाटलं. ड्रोन सुरू केला तर कॅमेरा मान टाकून लोंबकळलेला. गिंबलला जोडणारी रिबनसारखी पातळ केबल असते, ती गेली होती. दुरुस्तीला साडेचार हजार लागले आणि अठरा दिवस. वरात जमिनीवरूनच काढली. वधूच्या काकांनी तीन वेळा विचारलं, “ते वरून उडणारं कुठंय?”

तुला हे लांबण लावून सांगतोय त्याला कारण आहे. पूर्ण तयार ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण अशा मोजक्या कामांचाच अपवाद. सुट्या भागांवर ती बंदी नाही, पण तुझ्या यंत्राला काही झालं तर दुकानात जाऊन तसंच नवं कोरं घेऊन यावं इतकं ते सरळ राहिलेलं नाही. जे आहे ते जप.

आता डबा. स्वयंपाकघरात चारी बाजूंनी कडी लावायचे प्लास्टिकचे हवाबंद डबे असतात ना, तसला एक. माझा पहिला डबा सौ.चा होता. त्यात भाजणी असायची. पुढचे आठ दिवस भाजणी कशात ठेवायची हा प्रश्न घरात चर्चेला होता. तू नवा आण.

मिनी २ घडी घातल्यावर १३.८ सेंटिमीटर लांब, ८.१ रुंद आणि ५.८ उंच भरतो. चहूबाजूंनी बारा मिलिमीटर गादी धर, म्हणजे प्रत्येक मापात २.४ सेंटिमीटर मिळव. डब्याचं आतलं माप साधारण १६.५ बाय १०.५ बाय ८.५ हवं. डबे वर रुंद आणि तळाला निमुळते असतात, तेव्हा तळाचं माप घे. गादीसाठी उशीतला स्पंज नको. दाबला की तो चपटा होतो, आणि नेमक्या आपटण्याच्या क्षणी नसल्यात जमा. लहान मुलांच्या खोलीत कोड्यासारख्या एकमेकांत अडकवायच्या जाड फोमच्या चटया असतात, त्यातली एक पुरते. दहा-बारा मिलिमीटर जाडीची, बोटाने दाबली की हळूच परत वर येणारी. स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन काप. एका घावात कापायला जाऊ नकोस, कड फाटते. तीन-चार वेळा हलक्या हाताने रेघ ओढ. फेविबॉन्डने डब्याला चिकटव आणि दोन दिवस उघडा ठेव, वास जाईपर्यंत. ओल्या गोंदाच्या वाफेत लेन्स कोंडायची नाही.

ड्रोन ठेवताना गिंबलचं पारदर्शक झाकण बसलेलंच हवं. ‘पाच मिनिटांचं तर अंतर’ असं म्हणून झाकण न लावणारे दुरुस्तीवाल्याचे आवडते गिऱ्हाईक असतात. पंखे घडी घालून मोकळे राहू देत. डब्याच्या भिंतीला दाबून राहिले तर तसाच बाक धरतात, मग हवेत यंत्र थरथरतं आणि चित्र जेलीसारखं हलतं. जादा पंखे त्यांच्या पाकिटात, वहीच्या पुठ्ठ्याला टेकवून ठेव.

आणि एक. काही फॅशनच्या बॅगांना झाकण बंद करायला लोहचुंबकाची बटणं असतात. ती टाळ. चुंबकाशेजारी दिवसभर राहिलेल्या ड्रोनचा कंपास बिघडतो, आणि उडवायच्या वेळी मैदानात उभं राहून तो गोल गोल फिरवत बसावं लागतं. लोक समजतात, आरती चाललीय.

उरलेल्या चटईचे दोन तुकडे बॅगेच्या तळाला, एकावर एक. हा तुझा तळ झाला. त्यावर पाठीच्या बाजूला डबा, शेजारी रिमोट एखाद्या जाड मोज्यात. रिमोटच्या काड्या, ज्या अंगठ्याने हलवतोस त्या, काढून खाचेत ठेव. बॅटऱ्या हबमध्येच राहू देत, सुटी असेल ती प्लास्टिकच्या डबीत, किल्ल्या आणि चिल्लर यांच्यापासून लांब. उड्डाण संपल्यावर बॅटरी गरम असते. ती लगेच फोममध्ये कोंबू नकोस, सावलीत दहा-पंधरा मिनिटं ठेव. फुगलेली वाटली तर ती पाठीवर न्यायचीच नाही. बाइकच्या डिकीत उन्हात ठेवायचं नाव काढू नकोस.

पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत. कितीही घट्ट बुचाची असली तरी बाहेरच.

पाऊस. तू चिपळूणचा, तुला मी पावसाबद्दल काय सांगू. फक्त एवढंच, की ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नकोस. कापड पाणी अडवतं, शिवण आणि चेन अडवत नाहीत. वरचं रेनकव्हर तीन बाजूंनी झाकतं आणि तुझ्या पाठीवरून उतरणारं पाणी बॅगेच्या पाठीतून आत शिरतं. म्हणून रेनकव्हर हवंच, आणि आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवीही. सगळं त्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून. घरी आल्यावर उलट वाग. सगळं बाहेर काढ, बॅग उलटी करून पंख्याखाली टांग. दमट बॅगेत चेन लावून ठेवलेल्या लेन्सला कोकणात बुरशी धरायला वेळ लागत नाही. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाक. रंग बदलणारे दाणे असतील तर तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत तापवायचे नाहीत. निळ्या दाण्यांमध्ये कोबाल्टचा विषारी क्षार असतो. भाजणीच्या डब्यापर्यंत ठीक होतं, त्यापुढे घरात माझंही चालत नाही.

जुनी कॅमेरा बॅग स्वस्तात मिळते म्हणून बघणार असशील तर आतल्या अस्तरावर अंगठा घास. चिकट लागलं किंवा पापडासारखे पापुद्रे सुटले तर सोडून दे. दमट हवेत आतला लेप असा सुटतो आणि त्याचा चुरा थेट गिंबलमध्ये जातो.

एसटीत बॅग वरच्या फळीवर टाकू नकोस, मांडीवर घे. बाइकवर कॅरिअरला रबरी पट्ट्याने बांधू नकोस, पाठीवरच घे. खड्ड्याचा धक्का तुझे गुडघे आणि कंबर आधी खातात, कॅरिअर काही खात नाही.

हिशेब असा पडेल : सॅक अकराशेपर्यंत, डबा अडीचशे, चटई दीडशे, रेनकव्हर दोनशे, कटर आणि फेविबॉन्ड शंभर. अठराशे झाले. दुकानागणिक पन्नास-शंभर इकडेतिकडे होईल. उरलेल्या दोनशेत प्रोपेलर गार्ड, म्हणजे पंख्यांभोवतीचं कडं, घ्यायचा मोह होईल, तर एक सांगतो. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यावरचा, दोन किलोपर्यंतचा, ‘मायक्रो’. वजन मोजतात ते वर चढवलेल्या सामानासकट. तुझ्याकडे एका ग्रॅमची सवलत आहे. गार्ड चढला की वर्ग बदलला, आणि तू होमस्टेवाल्यांकडून पैसे घेतोस म्हणजे मग रिमोट पायलट प्रमाणपत्राचा, ड्रोन उडवायच्या परवान्याचा, प्रश्न येतो. तेव्हा दोनशे रुपये राहू देत खिशात.

प्रश्न : माझ्याकडे डीजेआयचा एअर २एस हा ड्रोन आहे. नागपूरहून विमानाने जयपूरला चुलतभावाच्या लग्नाला जायचं आहे. ड्रोनची बॅग सामानात द्यावी की हातात ठेवावी?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : सुट्या बॅटऱ्या हातातच. सामानात दिल्या तर तुमची बॅग उघडायला लावतात आणि तोवर तुम्ही गेटवर पोचलेले असता. लिथियम बॅटरीला मर्यादा १०० वॉट-अवर (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप). तुमची बॅटरी ४०.४२ची, म्हणजे चिंता नाही. आकडा बॅटरीवरच छापलेला असतो, तो भाग वर करून ठेवा, विचारलं की बोट दाखवायचं. टोकांना चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घाला. पॉवर बँकही हातातच. मी बॅटऱ्या पूर्ण भरून नेत नाही, निम्म्यावर ठेवतो आणि मुक्कामी भरतो.

ड्रोनही मी हातातच ठेवतो, नियमापेक्षा सामान फेकणाऱ्यांच्या धाकाने. पण इकॉनॉमीत साधारण सात किलोची एकच बॅग नेता येते, त्यामुळे इथेही रिकाम्या बॅगेचं वजन आडवं येतं. तुमच्या विमान कंपनीचा ड्रोनबद्दल वेगळा नियम आहे का ते तिकिटावरच्या नंबरवर आधी विचारा. तपासणीच्या ट्रेमध्ये ड्रोन, रिमोट, बॅटऱ्या वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात. चार डब्या असतील तर चार मिनिटं, तेच सामान मोकळं असेल तर मागची रांग तुमच्याकडे बघायला लागते. आणि तिथे लग्नात उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर कार्यालय कुठल्या रंगात येतं ते बघा. लाल म्हणजे मनाई, पिवळा म्हणजे आधी परवानगी, आणि विमानतळाजवळची कार्यालयं बहुधा लाल नाहीतर पिवळ्यात निघतात.

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. मुलांना दाखवायला नदीची वळणं, पठारं ड्रोनने टिपते. उंची चार फूट अकरा इंच. कुठलीही सॅक घेतली तरी ती कमरेच्या खाली आपटते आणि मान दुखते. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर तर मागे खेचल्यासारखं झालं. लहान मुलांची बॅग घेऊ का?
(एक वाचिका, नाशिक)

उत्तर : ताई, मुलांची बॅग नको, तिचे पट्टे अरुंद असतात आणि खांद्यात रुततात. तुमची उंची हा मुद्दाच नाही, पाठीची लांबी मोजा. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथून खाली, कमरेवर हात ठेवल्यावर अंगठे जिथे येतात त्या रेषेपर्यंत टेपने माप घ्यायला कुणाला तरी सांगा. पंधरा-सोळा इंच आलं तर बाजारातल्या एकमापी सॅका तुम्हाला लांबच होणार. खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतील अशी पाठ असलेली सॅक मागा, नाहीतर सरळ छोटी, अठरा-वीस लिटरची घ्या. दुकानात रिकामी घालून बघू नका. दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन जा, आत घाला, कंबरपट्टा आधी आवळा, खांद्याचे पट्टे नंतर. कंबरपट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसायला हवा. तो आवळल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली तर वजन कमरेवर उतरलं.

हरिहरला मागे खेचल्यासारखं झालं ते खोलीमुळे. तिथल्या कातळातल्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की पाठीपासून चार बोटं लांब असलेलं वजनही जाणवतं. बॅग पंधरा-सोळा सेंटिमीटरपेक्षा खोल नको. पाणी पाठीला चिकटून ठेवा आणि ड्रोनचा डबा बाहेरच्या बाजूला, कारण तोच हलका. चिपळूणच्या मुलाला मी डबा पाठीकडे आणि पाणी बाहेर ठेवायला सांगितलं ते बाइक आणि एसटीच्या धक्क्यांसाठी, तुमचं पायी चढणं आहे. साल्हेर किल्ल्यावर वगैरे जाणार असाल तर ड्रोनच्या परवानगीची चौकशी निघण्याआधीच करा, वर पोचून डबा न उघडता परत आणायला फार जड वाटतो.